सत्ता कोणाच्या हाती द्यावी? मानवी स्वभावाविषयीचे युरोपीय विचार आणि त्यांतून घडलेली शासनव्यवस्था

प्रश्न असा विचारला गेला आहे: सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय तत्त्वज्ञांनी मानवी स्वभावाविषयी जी मते मांडली, त्यांचा प्रत्यक्ष शासनव्यवस्थेवर परिणाम झाला का, झाला असल्यास तो नेमका कुठे दाखवता येतो, आणि त्यातले आपल्या राज्यघटनेपर्यंत काय पोहोचले? प्रश्नासोबत पाठ्यपुस्तकातले परिचित सूत्रही दिले आहे. हॉब्जच्या मते माणूस वाईट, म्हणून निरंकुश राजा हवा. लॉकच्या मते माणूस चांगला, म्हणून मर्यादित शासन पुरे. रूसोच्या मते माणूस मुळात निष्पाप, म्हणून सत्ता थेट लोकांच्या हाती असावी. राज्यशास्त्र शिकवताना हे सूत्र मला वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत भेटत आले आहे. पाठ करायला ते सोपे आहे आणि म्हणूनच ते टिकून आहे. परंतु त्यामुळे मूळ ग्रंथांचा विपर्यास होतो आणि शासनव्यवस्थेवरचा खरा परिणाम झाकला जातो.

माझे म्हणणे असे की, माणूस चांगला की वाईट, हा या विचारवंतांमधला निर्णायक वाद नव्हताच. माणसाच्या ज्या दुबळेपणामुळे शासनाची गरज पडते, तो दुबळेपणा शासन चालवणाऱ्यातही असतोच. मग त्याची तजवीज कशी करायची, यावर त्यांच्यात खरे मतभेद होते. या एका प्रश्नाचा माग काढत गेलो तर लंडन, फिलाडेल्फिया आणि पॅरिस येथे उभ्या राहिलेल्या संस्थांमधला फरक उलगडत जातो.

त्याआधी युरोपात राजनीतीवरचे बरेचसे लेखन राजाच्या सद्गुणांवर भर देणारे होते. राजपुत्राला न्यायी, संयमी आणि धर्मनिष्ठ कसे बनवावे, याचे मार्गदर्शन विद्वानांनी करावे अशी अपेक्षा असे. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये ख्रिस्ती राजपुत्राच्या शिक्षणावर लिहिलेले पुस्तक याच परंपरेतले. फ्लॉरेन्सच्या मॅकिआव्हेलीने त्याच सुमारास वेगळा सूर लावला होता. प्राचीन रोमच्या इतिहासावर भाष्य करताना त्याने लिहिले की, जो कोणी राज्य स्थापन करून कायदे करू पाहतो, त्याने सर्व माणसे वाईट आहेत असे गृहीत धरूनच चालले पाहिजे. परंतु या विचाराला शास्त्रशुद्ध मांडणीचे रूप येण्यास युरोपला रक्तपाताच्या मोठ्या कालखंडातून जावे लागले. फ्रान्समधील धर्मयुद्धे १५६२ ते १५९८ या काळात चालली, मध्य युरोपातील तीस वर्षांचे युद्ध १६१८ ते १६४८ या काळात झाले आणि १६४२ मध्ये इंग्लंडमध्ये राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. प्रत्येक पक्ष ईश्वराचा हवाला देत होता आणि सर्वांना मान्य होईल असा पंच उरला नव्हता. अशा वेळी धर्मग्रंथाऐवजी माणसाच्या स्वभावातून शासनाची गरज सिद्ध करणे, हा त्या पिढीला दिसलेला मार्ग होता.

टॉमस हॉब्ज हा या मार्गाने सर्वांत दूरवर गेलेला विचारवंत. १६४० मध्ये तो पॅरिसला पळून गेला, तेथे निर्वासित युवराजाला, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्सला, गणित शिकवले, आणि इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यानंतर दोन वर्षांनी, १६५१ मध्ये, ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध केले. त्यातले तेरावे प्रकरण वाचल्याशिवाय हॉब्जविषयी कोणी मत बनवू नये, असा माझा आग्रह असतो. हे प्रकरण दुष्टपणापासून सुरू होत नाही, ते समानतेपासून सुरू होते. दुबळ्यातला दुबळा माणूसही कपटाने किंवा इतरांशी हातमिळवणी करून बलवानाचा जीव घेऊ शकतो; त्यामुळे निसर्गतः कोणीच निर्धास्त नसतो. या समानतेतून स्पर्धा, अविश्वास आणि प्रतिष्ठेची हाव ही भांडणाची तीन कारणे निपजतात. समोरचा माणूस सज्जन असला, तरी तो आपल्याला घाबरून आधी वार करील की काय, ही भीती उरतेच आणि तीच आपल्याला आधी वार करायला भाग पाडते.

वाचकाला हे अतिशयोक्त वाटेल, हे हॉब्ज ओळखून होता. म्हणून तो विचारतो की, प्रवासाला निघताना तू शस्त्र का बाळगतोस, झोपताना दाराला कुलूप का लावतोस, आणि स्वतःच्या घरातसुद्धा पेटाऱ्या बंद का ठेवतोस? कायदे आहेत, राजाचे अधिकारी आहेत, तरीही तू असे वागतोस, तेव्हा शेजाऱ्यांविषयी, नोकरांविषयी आणि स्वतःच्या मुलांविषयी तुझे मत काय आहे ते तूच कृतीने सांगत असतोस. यानंतरचे वाक्य पाठ्यपुस्तके गाळतात: असे म्हणून तू किंवा मी मानवी स्वभावाला दोष देत नाही, कारण माणसाच्या वासना स्वतःहून पाप नव्हेत. म्हणजे हॉब्जचा माणूस दुष्ट नसून भेदरलेला आहे, आणि ज्या परिस्थितीत कोणावरही विश्वास ठेवता येत नाही त्या परिस्थितीत त्याचे वागणे समंजसपणाचेच आहे.

यावरचा उपाय म्हणून सर्वांनी आपापले अधिकार एका सार्वभौम सत्तेला द्यावेत, असे तो सांगतो. ही सत्ता राजाच्या हाती असावी असे त्याला वाटत असले, तरी ती एखाद्या सभेच्या हातीही असू शकते, हे त्याने स्वच्छ मान्य केले आहे. सार्वभौम मात्र करारात स्वतः पक्षकार नसतो. लोक आपसांत करार करतात आणि तो त्या कराराबाहेर राहतो. हाच त्याच्या मांडणीतला सर्वांत दुबळा दुवा आहे. भीती आणि हाव यांचे इतके बारकाईने वर्णन करणाऱ्या हॉब्जने, सिंहासनावर बसणाऱ्यालाही तीच भीती आणि तीच हाव असते या गोष्टीला प्रजेने सोसण्याजोगी गैरसोय मानले. तरीही राजपक्षाला तो आपला वाटला नाही, कारण आज्ञापालनाचे कर्तव्य राजा संरक्षण देऊ शकतो तोवरच टिकते, असे त्याने लिहून ठेवले होते. दैवी अधिकारावर उभ्या असलेल्या राजेशाहीला हे वाक्य विषासमान होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १६८३ मध्ये ज्या ग्रंथांची जाहीर होळी केली, त्यांत ‘लेव्हायथन’ही होता.

जॉन लॉकने नेमका हाच दुबळा दुवा पकडला. त्याच्या शासनविषयक दुसऱ्या ग्रंथातले एक वाक्य मी वर्गात नेहमी मोठ्याने वाचून दाखवायला लावतो: माणसे इतकी मूर्ख असतात काय, की रानमांजरे आणि कोल्हे यांच्यापासून होणारा उपद्रव टाळण्याची काळजी घेतात, आणि सिंहाने खाऊन टाकले तर मात्र त्यालाच सुरक्षितता समजतात? हॉब्जचे नाव न घेता त्याला दिलेले हे उत्तर आहे. लॉकचा माणूस विवेकी असतो आणि निसर्गनियम, म्हणजे विवेकाने उमगणारा नैतिक कायदा, त्याला कळू शकतो, हे खरे. परंतु तो पक्षपातीही असतो. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश झाला, की आत्मप्रेमामुळे तो स्वतःला आणि आपल्या मित्रांना झुकते माप देतो आणि राग व सूडबुद्धी यांमुळे इतरांना वाजवीपेक्षा जास्त शिक्षा करतो. म्हणून निसर्गावस्थेत, म्हणजे शासन नसलेल्या स्थितीत, तीन गोष्टींची उणीव भासते: सर्वांना ठाऊक असलेला पक्का कायदा, निःपक्षपाती न्यायाधीश आणि निकालाची अंमलबजावणी करणारी सत्ता. शासन हवे ते या तीन उणिवा भरून काढण्यासाठी. मग निरंकुश राजा हा तर स्वतःच्या खटल्यातला न्यायाधीशच ठरतो, म्हणजे तो आणि त्याची प्रजा यांच्यात अजून निसर्गावस्थाच चालू आहे, असा लॉकचा निष्कर्ष आहे. त्याहून पुढे जाऊन तो म्हणतो की, कायदे करणाऱ्यांच्याच हाती त्यांची अंमलबजावणी दिली, तर सत्तेसाठी हपापणाऱ्या मानवी दुबळेपणाला तो फार मोठा मोह ठरेल. माणूस चांगला आहे असे मानणारा विचारवंत असे लिहील का?

येथे कार्यकारणभावाची एक गल्लत दूर केली पाहिजे. लॉकच्या पुस्तकामुळे इंग्लंडमध्ये दुसऱ्या जेम्सला हटवून विल्यम आणि मेरी यांना गादीवर आणणारी १६८८ची क्रांती झाली, असे अनेक ठिकाणी छापलेले असते. प्रत्यक्षात पार्लमेंटने हक्कांचा जाहीरनामा फेब्रुवारी १६८९ मध्ये विल्यम आणि मेरी यांच्यापुढे ठेवला, आणि लॉकचे पुस्तक त्या वर्षाच्या अखेरीस, मुखपृष्ठावर १६९० हे साल घालून, निनावी प्रसिद्ध झाले. त्याचा बराचसा भाग १६८०च्या आसपास, राजाचा कॅथलिक भाऊ जेम्स (पुढचा दुसरा जेम्स) याला वारसाहक्कातून वगळण्याचा प्रयत्न चालू असताना लिहिला गेला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा इंग्लंडपुरते बोलायचे तर पुस्तकाने क्रांती घडवली नाही. वकील, जमीनदार आणि पार्लमेंटचे सभासद ज्या अनुभवाने शहाणे झाले होते, त्याच अनुभवाला लॉकने सिद्धान्ताचे रूप दिले. अमेरिकेत मात्र त्याचा ठसा शब्दशः दिसतो. अत्याचारांची दीर्घ मालिका एकाच दिशेने जाऊ लागली की लोक उठाव करतात, हे त्याचे शब्द १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जवळपास जसेच्या तसे आले आहेत.

कल्पना संस्थेत कशी उतरते, हे पाहायचे असेल तर न्यायाधीशांच्या नेमणुकीचा इतिहास पाहावा, असे मी सुचवीन. स्टुअर्ट घराण्यातील राजांच्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या, काळात इंग्लंडमधील न्यायाधीश बहुधा राजाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहत. दुसऱ्या जेम्सने या तरतुदीचा पुरेपूर उपयोग केला. कॅथलिकांना अधिकारपदे देण्यासाठी कायदा बाजूला सारण्याचा आपला अधिकार न्यायालयाने मान्य करावा, म्हणून १६८६ मध्ये खटला चालण्याआधीच त्याने विरोधी मताच्या न्यायाधीशांना काढून टाकले आणि मग हवा तो निकाल मिळवला. स्वतःच्या खटल्यातला न्यायाधीश म्हणजे काय, याचे याहून उघड उदाहरण मिळणे कठीण. १७०१च्या वारसाहक्क कायद्याने ही वाट बंद केली. सद्वर्तन असेपर्यंत न्यायाधीश पदावर राहील, त्याचे वेतन ठरलेले असेल, आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी निवेदन केल्यावरच त्याला दूर करता येईल, अशी तरतूद झाली. हे संरक्षण अमेरिकन वसाहतींना मिळाले नाही. म्हणूनच राजाने न्यायाधीशांचा कार्यकाल आणि वेतन केवळ आपल्या मर्जीवर ठेवले, ही तक्रार १७७६च्या जाहीरनाम्यात नोंदवली गेली, आणि १७८७च्या अमेरिकन संविधानात सद्वर्तनाची अट व वेतनकपातीची मनाई या दोन्ही गोष्टी आल्या. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १२४ उघडून पाहा: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्यासाठी संसदेच्या प्रत्येक सभागृहाचे विशेष बहुमताने केलेले निवेदन राष्ट्रपतींकडे जावे लागते. नियुक्तीनंतर त्याच्या वेतनात अहितकारक बदल करता येत नाही, हे पुढच्याच अनुच्छेदात आहे. सज्जन न्यायाधीश शोधण्यावर या तरतुदींचा भर नाही. सामान्य मनोधैर्याच्या माणसालाही सत्ताधाऱ्याविरुद्ध निकाल देता यावा, यासाठी त्या आहेत.

माँतेस्क्यूने या साऱ्याला सूत्रबद्ध केले. बोर्दोच्या न्यायालयात अध्यक्षपद भूषवलेल्या आणि सुमारे दीड वर्ष इंग्लंडमध्ये राहिलेल्या या फ्रेंच सरदाराने १७४८ मध्ये जिनिव्हात ग्रंथ छापून घेतला आणि त्यात लिहिले की, सत्ता हाती आलेला प्रत्येक माणूस तिचा गैरवापर करू पाहतो, मर्यादा लागेपर्यंत तो पुढे जात राहतो, हा चिरंतन अनुभव आहे. म्हणून सत्तेनेच सत्तेला अडवावे अशी रचना हवी. इंग्लंडमध्ये कायदे, अंमलबजावणी आणि न्याय या तीन सत्ता विभागलेल्या आहेत, हे त्याचे वर्णन वस्तुस्थितीपेक्षा जास्त नीटनेटके होते, पण अटलांटिकपलीकडे तेच प्रमाण मानले गेले.

अमेरिकन संविधानाच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनकडे थोडे थांबले पाहिजे, कारण मानवी स्वभावाविषयीचा विचार शासनाच्या रचनेत इतक्या जाणीवपूर्वक दुसऱ्या कोणी उतरवला असेल असे मला वाटत नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने म्हटले होते की, शासनव्यवस्था आखताना प्रत्येक माणूस लबाड आहे आणि स्वार्थाखेरीज त्याचा दुसरा हेतू नाही असे गृहीत धरावे, मग प्रत्यक्षात तो तसा असो वा नसो. मॅडिसनने फेब्रुवारी १७८८ मध्ये, नव्या संविधानाच्या बाजूने प्रसिद्ध होणाऱ्या लेखमालेत लिहिताना, हाच धागा पुढे नेला: माणसे देवदूत असती तर शासनच लागले नसते, आणि देवदूत माणसांवर राज्य करीत असते तर शासनावर बंधने लागली नसती. महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच शह दिला पाहिजे, म्हणजे पदावरच्या माणसाचा स्वार्थ त्या पदाच्या अधिकारांशी अशा रीतीने बांधावा, की स्वतःचे महत्त्व राखण्यासाठी तो दुसऱ्या शाखेचे अतिक्रमण रोखील. प्रतिनिधिगृह दोन वर्षांसाठी लोकांनी थेट निवडायचे, सिनेट सहा वर्षांसाठी त्या काळी राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे, अध्यक्ष चार वर्षांसाठी निर्वाचकांनी निवडायचा. प्रत्येकाचा आधार वेगळा, मुदत वेगळी, म्हणून स्वार्थही वेगळा. लॉकला राजाची भीती होती. मॅडिसनने ती बहुमतालाही लागू केली. गटबाजीचे बीज मानवी स्वभावातच आहे आणि स्वातंत्र्य नष्ट केल्याशिवाय ते उपटता येत नाही, म्हणून राज्य इतके विस्तृत असावे की कोणत्याही एका गटाला सहज बहुमत होऊ नये, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र त्याला मानवद्वेष्टा म्हणता येणार नाही. माणसात काही प्रमाणात भ्रष्टता असते तसे आदर आणि विश्वास यांस पात्र असे गुणही असतात, आणि प्रजासत्ताकाला या गुणांची गरज इतर कोणत्याही शासनप्रकारापेक्षा अधिक असते, असेही त्याने त्याच लेखमालेत लिहिले.

रूसोची वाट येथून वेगळी होते. विषमतेवरच्या १७५५च्या निबंधात त्याने हॉब्जवर मूलगामी आक्षेप घेतला: तुम्ही ज्याला निसर्गावस्थेतला माणूस म्हणता तो समाजाने बिघडवलेला माणूस आहे. आदिम माणसात आत्मरक्षणाची वृत्ती होती आणि दुसऱ्याचे दुःख पाहून कळवळणारी करुणा होती. तुलना, मत्सर आणि मानाची हाव ही पुढे मालमत्तेसोबत आली. हा आक्षेप मला आजही अतिशय बलवान वाटतो. परंतु त्याचा राजकीय परिणाम दूरगामी झाला. समाजाने माणूस बिघडू शकत असेल, तर चांगल्या व्यवस्थेने तो घडूही शकतो. आणि म्हणून राष्ट्राची घडी बसवू पाहणाऱ्याने जणू मानवी स्वभावच बदलण्याची आपली ताकद आहे असे मानले पाहिजे, असे १७६२च्या सामाजिक करारावरील ग्रंथात तो लिहितो.

फ्रान्सच्या १७८९च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी दिसतात. कायदा म्हणजे सामूहिक इच्छेची अभिव्यक्ती होय, हे सहावे कलम रूसोचे; ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तांचे विभाजन नाही त्याला संविधानच नाही, हे सोळावे कलम माँतेस्क्यूचे. १७९३-९४ मध्ये, रोबेस्पिएर आणि त्याच्या क्रांतिकारक सहकाऱ्यांच्या दहशतीच्या राजवटीत, सहाव्याने सोळाव्यावर मात केली. लोकेच्छा शुद्ध आहे असे मानले की तिला अडवणारी प्रत्येक यंत्रणा कटासारखी दिसू लागते. जून १७९४च्या कायद्याने क्रांतिन्यायालयापुढील आरोपींचा वकील देण्याचा हक्क काढून घेतला आणि दोषी ठरल्यास मृत्यू ही एकच शिक्षा ठेवली. याचे सारे खापर रूसोवर फोडणे अन्यायाचे होईल. खरी लोकशाही देवांच्या राष्ट्रालाच शोभेल असे म्हणणारा आणि छोट्या नगरराज्याचा आदर्श बाळगणारा रूसो रोबेस्पिएरच्या फ्रान्सला दुजोरा देता, असे मानायला आधार नाही. पण शासन चालवणाऱ्याच्या दुबळेपणाची तजवीज त्याच्या मांडणीत अपुरी आहे, हे मान्य करावे लागते.

‘मानवी’ स्वभावाची ही चर्चा करताना माणूस म्हणून कोणाला धरले होते, हाही प्रश्न टाळता येत नाही. ज्या लॉकने मनुष्याचे जन्मसिद्ध स्वातंत्र्य मांडले, तोच गुलामांच्या व्यापारातल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता, आणि अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीच्या मालकांचा सचिव असताना ज्या १६६९च्या सनदेच्या मसुद्यात त्याचा सहभाग होता, तिने प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला त्याच्या कृष्णवर्णीय गुलामावर निरंकुश अधिकार दिला होता. सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर सर्व स्त्रिया जन्मतः गुलाम कशा, असे इंग्रज लेखिका मेरी ॲस्टेलने १७०६ मध्येच विचारले होते. या विचारांचे सामर्थ्य असे की, त्यातून ज्यांना वगळले त्यांनीच ते हाती घेतले. जोतीराव फुले यांनी तरुणपणी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले, आणि १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली.

आपल्या संविधानात या परंपरेतले बरेच काही आले आहे: न्यायसंस्थेला कार्यकारी सत्तेपासून वेगळे करण्याचे निदेश देणारा अनुच्छेद ५०, मूलभूत हक्क, न्यायाधीशांची सुरक्षितता. मात्र सर्वच युरोपातून आले असे म्हणू नये. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपल्या सामाजिक तत्त्वज्ञानातली तत्त्वे आपण स्वतः फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये स्पष्ट सांगितले होते. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे ४ नोव्हेंबर १९४८चे संविधान सभेतील भाषण. नव्या संविधानाखाली काही बिघडले तर संविधान वाईट होते असे म्हणता येणार नाही, माणूस नीच निघाला असेच म्हणावे लागेल, असे ते त्यात म्हणाले. त्याच भाषणात मसुद्यावरच्या एका टीकेला त्यांनी उत्तर दिले. प्रशासनाचे इतके तपशील संविधानात कशाला घातले, अशी ती टीका होती. सांविधानिक नीती, म्हणजे संविधानाच्या मर्यादा आणि रीती यांविषयीचा आदर, ही नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांनी ती अजून आत्मसात करायची आहे. अशा स्थितीत प्रशासनाचे स्वरूप बदलून, संविधानाच्या शब्दाला हात न लावता त्याचा आत्मा मारून टाकता येतो, म्हणून हे तपशील विधिमंडळांवर सोडणे धोक्याचे आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. मानवी स्वभावाविषयीच्या या अंदाजामुळेच लोकसेवा आयोग, निवडणूक आयोग आणि महालेखापरीक्षक यांच्या नेमणुकीच्या व पदच्युतीच्या तरतुदी साध्या कायद्यांत न राहता थेट संविधानात आल्या.